खोल करायचं की आटू द्यायचं? अजिंठा डोंगरातल्या एका डबक्याचं प्रकरण

कन्नड तालुक्यातल्या एका गावाच्या वर, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या सपाट माथ्यावर, पळस-धावड्याच्या जंगलात एक डबकं आहे. मृग-आर्द्रात भरतं, दसरा-दिवाळीच्या सुमाराला आटतं आणि फाल्गुनात तिथून भरली बैलगाडी नेली तरी चाक रुतत नाही. गावाच्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीनं ठराव केला की उन्हाळ्यात जेसीबी लावून हे डबकं खोल करावं, बांध घालावा, निघालेला गाळ शेतात न्यावा, म्हणजे गुरांना, नीलगाईंना, मोरांना होळीपर्यंत तरी पाणी राहील. ठराव वनरक्षकाकडे आला. पावसाळ्यात तिथे रात्र रात्र बेडूक ओरडतात एवढं त्याला ठाऊक होतं. खोदण्याआधी एक पावसाळा कुणीतरी नीट बघून घ्यावं म्हणून त्यानं आमच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाला विचारलं. त्या पावसाळ्यात काय दिसलं आणि त्यावरून काय ठरलं, ते इथे मांडते आहे.

मागणी रास्त होती

मराठवाड्यात ‘पाणी आटू द्या’ म्हणायला जीभ रेटत नाही. २०१२-१३ चा दुष्काळ, पाठोपाठ कोरडी गेलेली २०१४ आणि २०१५ ही वर्षं, एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला आलेलं पाणी, यातलं काहीही कुणी विसरलेलं नाही. सरासरी पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास असला तरी तो चार दिवसांत कोसळतो आणि मग महिनाभर तोंड दाखवत नाही. जलयुक्त शिवार, शेततळं, वनतळं, गाळ काढणं हे शब्द आता कागदावरचे राहिलेले नाहीत, ते पारावरच्या रोजच्या बोलण्यातले झालेत. साठलेलं पाणी म्हणजे पुण्य आणि आटलेलं म्हणजे तोटा, हा हिशेब इथल्या माणसाच्या हाडीमाशी मुरलाय.

समितीच्या अध्यक्षांनी पहिल्याच भेटीत विचारलं, “मॅडम, बेडकाला पाणी लागतं ना? मग पाणी वाढवलं तर बेडूक वाढतील का कमी होतील?”

याहून नेमका प्रश्न आम्हालाही सुचला नसता. सगळं काम त्याच्याभोवती बांधलं.

बेडकाला पाणी लागतं ते मुख्यतः अंडी घालायला आणि अंड्यातून निघालेल्या बेडूकमाशाला पाय फुटून तो बाहेर पडेपर्यंत. आपल्याकडच्या बहुतेक पावसाळी जातींना त्यासाठी साधारण महिना ते दीड महिना पुरतो. अमेरिकेतल्या वाळवंटात स्पेडफूट नावाचा बेडूक आहे, तो आठ-दहा दिवसांतही उरकतो. म्हणजे पाणी फार लवकर आटलं तर पिढी बुडते, हे उघड आहे. दुसरी बाजू मात्र चटकन डोळ्यांत भरत नाही. पाणी बारा महिने टिकलं की त्यात मासे टिकतात, चतुरांच्या मोठ्या होत गेलेल्या अळ्या टिकतात, पाणढेकूण टिकतात. आणि पुढच्या मृगात घातलेली अंडी त्यांच्यापुढे आयती पडतात. डबकं दरवर्षी कोरडं पडतं म्हणूनच ते बेडकांच्या पिल्लांना सोसतं. अमेरिकेच्या ईशान्य भागात बर्फ वितळून जंगलात साठणाऱ्या तळ्यांचंही असंच आहे. तिथले वूड फ्रॉग आणि ठिपकेदार सॅलमँडर मासे नसलेल्या अशाच पाण्यात अंडी घालतात, आणि मॅसॅच्युसेट्स राज्यात या तळ्यांची सरकारदरबारी नोंद करून त्यांना प्रमाणपत्र देण्याची पद्धत आहे. आपलं डबकं बर्फावर भरत नाही, मृगावर भरतं. काय टिकतं आणि काय मरतं, ते मात्र दोन्हीकडे पाणी किती दिवस राहतं त्यावरच ठरतं.

हे पुस्तकी ज्ञान घेऊन समितीपुढे बसण्यात अर्थ नव्हता. या डबक्यात, या डोंगरावर काय घडतं ते दाखवायला हवं होतं. शेजारी तुलनेला एक जुनं वनतळं होतं. तेही काही वर्षांपूर्वी असंच उथळ डबकं होतं, मग खोल केलं गेलं. पाणी होळीच्या पुढेही राहतं. दोन्हीकडे एकाच पद्धतीनं बघायचं ठरवलं.

काम कसं केलं

जंगल राखीव, त्यामुळे आधी वनविभागाची परवानगी. मग डबक्याच्या सगळ्यात खोल जागी सेंटिमीटरच्या खुणा केलेला बांबू रोवला. महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्राचा पाऊस मिळतो, पण केंद्र खाली आणि डबकं वर; खाली धो धो आणि माथ्यावर नुसता शिडकावा, किंवा नेमकं उलटं, असं इथे सर्रास होतं. म्हणून वनरक्षकाच्या चौकीजवळ आमचं स्वतःचं पर्जन्यमापक बसवलं. पाणी किती दिवस टिकलं हाच या अभ्यासातला कळीचा आकडा, त्यामुळे यात काटकसर केली नाही.

रात्रीच्या कामात पहिला नियम असा की दिवा लावायचा नाही. काठावर बसायचं, दहा मिनिटं फक्त ऐकायचं आणि कुठल्या जातीचा आवाज कुठून येतो ते टिपायचं. उजेड पडला की निम्मे गप्प होतात. त्यानंतर बॅटरी घेऊन काठानं फेरी. सकाळी ठरलेल्या जागांवर ठरलेले हात जाळीचे मारायचे, आलेले बेडूकमासे पांढऱ्या ट्रेमध्ये घ्यायचे, फोटो काढून लगेच सोडायचे. बेडूकमासा ओळखायचा तर भिंगाखाली त्याचं तोंड बघावं लागतं. चोच आहे का, दातांच्या बारीक ओळी किती आणि कशा, यावरून गट कळतो. वाढ मोजण्यासाठी १९६० साली गॉस्नर यांनी केलेली ४६ टप्प्यांची सारणी जगभर वापरतात. उघड्यावर, पावसात, विद्यार्थ्यांच्या हातून सगळे टप्पे काढून घेणं शक्य नसतं, म्हणून आम्ही चारच खुणा धरल्या: मागचा पाय नाही, मागच्या पायाचा कोंब, मागची बोटं सुटी, आणि पुढचे पाय बाहेर. पुढचे पाय बाहेर येतात तो ४२ वा टप्पा. तिथून शेपूट आटायला लागते आणि जीव जमिनीवर यायच्या तयारीत असतो.

बेडकांच्या बोटांची टोकं कापून खूण करायची जुनी पद्धत आम्ही वापरली नाही. आणि एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जाताना बूट-जाळ्या ब्लीचच्या पाण्यात बुडवून उन्हात खडखडीत वाळवल्या. बेडकांच्या कातडीला धरणारी कायट्रिड बुरशी पश्चिम घाटात सापडलेली आहे. ती आपल्या बुटांनी डोंगरोडोंगर फिरवू नये, एवढी काळजी प्रत्येक अभ्यासकानं घेतलीच पाहिजे.

जातींबद्दल एक खुलासा. मातीत पुरून घेणारे स्फेरोथेका आणि अंग फुगवणारे उपेरोडॉन यांची नोंद आम्ही वंशापर्यंतच ठेवली. या गटांची वर्गवारी अजून हलते आहे. स्फेरोथेका पश्चिमा ही पश्चिम भारतातली जात तर २०१७ मध्ये नव्यानं नोंदली गेली. नुसत्या फोटोवरून जातीचं नाव ठोकून देणं आम्हाला पटलं नाही.

आर्द्रा

मृग जवळजवळ कोरडं गेलं. खाली एका वाडीत पोरांनी धोंडी काढली. अंगाला कडुनिंबाचा पाला, सोबत बेडूक, दारोदार पाण्याच्या घागरी. पावसाच्या नक्षत्राचं वाहन बेडूक असलं की पाऊस भरपूर, असं पंचांग सांगतं. इथल्या माणसानं बेडूक आणि पाऊस यांना कधी वेगळं केलेलंच नाही, आणि पुढे समितीशी बोलताना ही जुनी ओळख फार उपयोगी पडली.

आर्द्रात एका रात्री डबकं भरलं. दुसऱ्या दिवशी उजाडता पाहिलं तर पाण्यावर बुलफ्रॉगचे नर पिवळेजर्द झाले होते, गळ्याखालच्या दोन्ही पिशव्या निळ्या. एकमेकांवर चढत, ढकलत, पाणी घुसळत त्यांचं भर दिवसा चाललं होतं. ही जात पहिल्या मोठ्या पावसावर तुटून पडते आणि एक-दोन दिवसांत सगळं आटोपून पांगते. ज्याला हे बघायचंय त्यानं पावसाची बातमी ऐकून घरून निघण्यात अर्थ नाही. तोवर संपलेलं असतं. भारतातून बेडकांच्या तंगड्यांची निर्यात १९८७ मध्ये बंद झाली, त्यात सगळ्यात जास्त पकडला जाणारा तो हाच.

रात्री बाकीचे आले. पळसाच्या फांदीवरून झाडबेडकाची टकटक, भेकांची (खडबडीत कातडीच्या टोडांची) लांबलचक एकसुरी ओरड, गवतात बोटाच्या पेराएवढ्या मायक्रोहायलाचा न शोभणारा मोठा करकराट, आणि मध्येच पाण्यावर फुगून तरंगणारे उपेरोडॉन. अंडी घालण्याच्या तऱ्हाही वेगवेगळ्या. भेकाची अंडी चिकट दुहेरी दोरीत, काठच्या गवताला गुंडाळलेली. मायक्रोहायलाची पाण्याच्या पृष्ठभागावर एकपदरी साय. झाडबेडकाची पाण्यावर झुकलेल्या फांदीला पांढऱ्या फेसात. आत अंडी फुटतात आणि पुढच्या सरीत बेडूकमासे खाली पाण्यात पडतात. विद्यार्थ्यांनी पहिल्या आठवड्यात अंड्यांवरूनच जाती सांगायला सुरुवात केली होती.

त्याच पाण्यात आणखी एक जीव दिसला. पाठीवर पोहणारा, काचेसारखा पारदर्शक, पायांची झालर सतत हलवणारा फेअरी श्रिंप. झिंग्याच्या दूरच्या नात्यातला. याची अंडी कोरड्या चिखलात वर्षानुवर्षं तग धरतात आणि पाणी आलं की फुटतात. त्याला माशांपासून पळता येत नाही, लपता येत नाही. तो दिसला की इथे मासे नाहीत, याची खात्री धरावी.

खंड

पुनर्वसूच्या अर्ध्यात पाऊस थांबला आणि पुष्य कोरडंच गेलं. बांबूवरची खूण रोज खाली सरकत होती. आधी डबक्याची तीन डबकी झाली, मग नुसते म्हशींच्या खुरांचे खळगे उरले. एका खळग्यात भेकाचे काळे बेडूकमासे इतके दाटले होते की पाणी दिसत नव्हतं, फक्त थरथर दिसत होती. मोठ्या खळग्यात बुलफ्रॉगचे बेडूकमासे दुसऱ्यांना शेपटीकडून धरून खात होते. ही जात मांसाहारी, आणि जागा आवळली की तिचं फावतं. ढोकऱ्या आणि कावळे दिवसभर काठावर. दिवड एक-दोनदा दिसला.

पाणी कमी होऊ लागलं की अनेक जातींचे बेडूकमासे वाढीचा वेग वाढवतात. पाण्याची ओढ जाणवली की शरीरात ताणाची संप्रेरकं वाढतात, त्यांच्यामुळे थायरॉइडचं काम जोरात चालतं आणि पाय लवकर फुटतात. पण त्याची किंमत असते: बाहेर पडणारं पिल्लू लहान असतं, आणि लहान पिल्लाचं जमिनीवर निभावणं अवघड. शिवाय घाई करायलाही एक मर्यादा आहे. कोंब फुटायच्या आत पाणी गेलं तर काही उपाय नाही. आमच्या डबक्यात बुलफ्रॉगची थोडी पिल्लं पाय घेऊन बाहेर पडली. भेकांची ती अख्खी पिढी चिखलात वाळली.

समितीतली काही मंडळी मुद्दाम वर आली होती. त्यातल्या एका तरुणानं पायानं चिखल उकरत म्हटलं, “बघा मॅडम, खोल केलं असतं तर हे जगले असते ना?” त्या दिवशी, त्या चिखलासमोर, त्याचं म्हणणं खोडायला माझ्याकडे काही नव्हतं आणि मी ते खोडलंही नाही. समोर दिसतं त्याच्यावरच माणूस विश्वास ठेवतो. मी त्याला एवढंच म्हटलं की त्याच दिवशी जुनं वनतळंही बघू.

वनतळ्यात पाणी कमरेच्या वर होतं. जाळीचा पहिलाच हात मारला आणि गप्पी मासे आले. दुसऱ्यात गप्पी, तिसऱ्यातही. डासांसाठी म्हणून कधीतरी कुणीतरी सोडलेले. बेडूकमासे आले ते भेकाचेच. ते बेचव आणि विषारी असतात, मासे त्यांच्या वाटेला फारसे जात नाहीत. काठावर पाण्यावरून ठिपऱ्या मारत पळणारे युफ्लिक्टिस बेडूक भरपूर, ही जात बारमाही पाण्यातच सुखी. मायक्रोहायलाची साय आम्हाला तिथे एकदाही दिसली नाही. स्फेरोथेकाचा आवाज नाही, फेअरी श्रिंप नाही. पाण्यावर वाकलेल्या एका पळसाला झाडबेडकाचा फेस मात्र लटकला होता. त्याच्या खालच्या पाण्यात मासे गोळा झाले होते. फेसातून एक बेडूकमासा सुटून पडला आणि पाण्याला टेकता टेकता दिसेनासा झाला. तो तरुण बराच वेळ तिथेच उकिडवा बसून राहिला. मग त्यानं विचारलं, “मग ह्यांना कळत न्हाई का, इथं घालू नये म्हणून?”

कळत नाही. झाडबेडकाला पाणी दिसतं, वर फांदी दिसते, तो फेस करतो. डबकं जसं शेकडो वर्षं होतं तसंच हेही असेल, असं त्याचं शरीर धरून चालतं. माद्या येत राहतात, अंडी घालत राहतात, पिल्लू एकही बाहेर येत नाही. आटलेल्या डबक्यातलं मरण सगळ्यांना दिसतं, भरलेल्या तळ्यातलं दिसत नाही. या प्रकरणात मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट हीच.

आश्लेषाच्या सुरुवातीला पाऊस परतला आणि डबकं पुन्हा भरलं. बुलफ्रॉग आले नाहीत, भेक थोडे आले. पण मायक्रोहायला, स्फेरोथेका आणि झाडबेडूक यांनी पुन्हा अंडी घातली. यावेळी पाण्यात त्यांना खाणारं जवळजवळ काही नव्हतं, कारण खंडात चतुरांच्या अळ्याही वाळल्या होत्या आणि पाणढेकूण उडून गेले होते. पाऊस घेऊन येणारे वाऱ्यावरचे चतुर नव्यानं अंडी घालतात, पण त्यांच्या अळ्यांनाही पहिल्यापासून वाढावं लागतं. बेडूकमाशांना तेवढी आघाडी मिळते. पूर्वा नक्षत्रात सकाळी काठावरच्या ओल्या पाचोळ्यात नखाएवढी पिल्लं चालताना दिसू लागली. पाऊल टाकायला जागा नाही, अशी एक सकाळ होती.

एवढ्यावरून ‘मासे असलेलं तळं वाईट’ असं सरसकट विधान मी करणार नाही. दोन्ही पाण्यांत फरक फक्त माशांचा नव्हता. वनतळ्याचे काठ उभे आणि दगड बसवून पक्के केलेले, डबक्याचे उतरते आणि गवताळ. काठाच्या उतारानंही पुष्कळ बदलतं. एका पावसाळ्यात एका जोडीवरून कारणं सुटी करता येत नाहीत. पण समितीपुढचा प्रश्न सर्वसाधारण नव्हता. तो या डबक्याचं त्या वनतळ्यासारखं काहीतरी करावं का, एवढाच होता, आणि त्याला हे पुरेसं होतं.

मातीखाली

पुढच्या चैत्रात आम्ही डबक्याच्या कोरड्या तळात आणि काठावर थोडं खणून पाहिलं. गावातले एक धनगर आबा सोबत होते. जन्म त्या माथ्यावर गेलेला. पळसाच्या मुळाजवळ एका जागी त्यांनी काठी टेकवली आणि म्हणाले, “हितं बघा. हितली माती मऊ लागती.” खुरप्यानं हळूहळू उकरत हातभर खाली गेल्यावर मातीचा एक गोळा हलला. स्फेरोथेका. अंग मातीच्या रंगाचं, डोळे मिटलेले. उलटा धरून पाहिला तर मागच्या पावलाच्या आतल्या बाजूला खुरप्याच्या पात्यासारखा कडक उंचवटा. त्यानंच तो माती बाजूला सारत मागच्या बाजूनं खाली जातो. आबांनी तो हातात घेतला, थोडा वेळ बघितला आणि स्वतःच परत ठेवून वर माती लोटली.

जेसीबी चालतो तो याच दिवसांत. पावसाळ्यात माथ्यावर यंत्र चढत नाही, म्हणून खोदकाम चैत्र-वैशाखात; आणि नेमके तेव्हा हे बेडूक तळाच्या आणि काठाच्या मातीत झोपलेले. गाळाबरोबर ट्रॉलीत भरून ते मक्याच्या रानात जातील, हे कुणाच्या ध्यानात येण्याचं कारणच नव्हतं.

दुसरी गोष्ट मातीनंच दाखवली. तळाशी काळ्या चिकण मातीचा वीतभर थर होता, वर्षानुवर्षं वाहून आलेला आणि म्हशींच्या लोळण्यानं मळला गेलेला. त्याखाली लगेच मुरूम, आणि मुरुमाखाली भेगाळलेला काळा पाषाण. डबक्यात पाणी थांबतं ते या वीतभर चिकणमातीमुळे. ती काढून दोन-तीन मीटर खाली गेलं तर पाणी मुरून जाईल. मुरलेलं पाणी खालच्या विहिरींना मिळेलही, पण होळीला म्हैस तिथे पाणी पिणार नाही. म्हणजे ठरावाचा मूळ हेतूच फसला असता. खरं सांगायचं तर समितीला बेडकांपेक्षा या मुद्द्यानं जास्त विचारात पाडलं, आणि त्यात गैर काही नाही. माणूस आधी आपल्या गुरांचं बघणारच.

बैठक

मंदिरासमोर बैठक झाली. फोटो दाखवले, बांबूवरच्या नोंदी वाचून दाखवल्या, मातीची तीन ढेकळं सगळ्यांच्या हातात फिरवली. प्रश्न बरेच आले. डासांचा आला: डबकं ठेवलं तर डेंग्यू होईल का? डेंग्यूचा डास घराजवळच्या साठवलेल्या पाण्यात, ड्रममध्ये, टायरात, कूलरमध्ये वाढतो. चार किलोमीटरवरच्या जंगलातल्या डबक्यातून तो येत नाही. शिवाय चतुराच्या अळ्या डासांच्या अळ्या खातातच. डास मारण्यासाठी गॅम्बुसिया मासा १९२८ मध्ये इटलीतून भारतात आणला गेला, आज तो जगातल्या सगळ्यात त्रासदायक परक्या जातींच्या यादीत आहे, गप्पीही बाहेरचाच. असे मासे घराजवळच्या हौदात सोडण्याची कारणं असतील, जंगलातल्या डबक्यात सोडायचं एकही कारण नाही.

एका सदस्यानं मधला मार्ग काढला: एका कोपऱ्यातच खोल करा, बाकीचं तसंच ठेवा. ऐकायला बरं वाटतं, पण मी याच्या ठाम विरोधात होते. खोल कोपऱ्यात मासे आणि मोठ्या अळ्या उन्हाळा काढतील आणि पहिल्या पावसात सगळ्या डबक्यात पसरतील. अर्धं खोल केलेलं डबकं बेडकांसाठी पुरं खोल केल्यासारखंच.

शेवटी जे ठरलं ते असं. डबक्याला हात लावायचा नाही. साठवण हवी तर डबक्यातून पाणी ओसंडून जिथे नाल्याला मिळतं, तिथून खाली, उघड्या कातळावर सिमेंटचा छोटा बंधारा घालायचा. मध्ये कातळाची उंच पायरी आहे, त्यामुळे खाली मासे आले तरी वर चढणार नाहीत. बंधाऱ्याचा एक काठ उतरता ठेवायचा, म्हणजे गुरं आणि रानजनावरं सुखानं उतरतील. प्लास्टिक अंथरलेल्या उभ्या काठांच्या शेततळ्यांत जनावरं बुडतात, हे सगळ्यांनी पाहिलेलं होतं. गाळ लागतो तो गावालगतच्या पाझर तलावातून काढायचा. म्हशी डबक्यावर येत राहतील, पण पिल्लं बाहेर पडण्याच्या दिवसांत एकाच बाजूनं पाण्यात घालायच्या.

शेतांचा प्रश्न त्या बैठकीत सुटला नाही. पाण्यातून निघालेलं पिल्लू पुढची वर्षं जमिनीवर काढतं. २००३ मध्ये अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी तिथल्या उभयचरांवरच्या नोंदी एकत्र केल्या, तेव्हा पाण्याच्या काठापासून सरासरी १५९ ते २९० मीटरपर्यंतची जमीन त्यांच्या जगण्याचा गाभा असल्याचं दिसलं. आपल्या जातींसाठी हाच आकडा धरा असं मी म्हणत नाही, पण आमच्या डबक्यापासून तेवढ्या अंतरात मका, कापूस आणि आल्याची शेतं सुरू होतात. पूर्वा-उत्तरात पिल्लं त्याच बाजूला सरकतात आणि त्याच सुमाराला फवारण्याही चालू असतात. दोन शेतकऱ्यांनी जंगलाकडच्या बांधालगत तणनाशक न मारता कोळपणी करायचं कबूल केलं. बाकीच्यांना मजूर परवडत नाहीत, आणि त्यांच्यावर ते लादण्याचा हक्क आम्हाला नाही.

नोंद कुठे करायची, हाही प्रश्न होता. देशाच्या पाणथळ जागांच्या २०११ च्या उपग्रह-नकाशात सव्वादोन हेक्टरपेक्षा मोठ्या २,०१,५०३ जागा मोजल्या गेल्या. आमचं डबकं त्या मापाच्या जवळपासही नाही. अशा डबक्याला कागदावर बहुधा अस्तित्वच नसतं, म्हणून ते बुजवलं किंवा खोदलं तरी कुठे काही कमी झाल्याचं दिसत नाही. जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे गावाची जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिची लोक जैवविविधता नोंदवही असते. त्या नोंदवहीत डबक्याचं गावातलं नाव, भरण्या-आटण्याचा काळ, दिसलेल्या बेडकांची यादी आणि मातीच्या थराची माहिती लिहून घेतली. आबांनी सांगितलेल्या जुन्या दुष्काळातल्या आठवणीही त्यात आहेत. कुठल्या साली डबकं भरलंच नाही, हे त्यांच्या इतकं कुणालाच सांगता आलं नसतं.

बांबू तिथेच रोवलेला आहे आणि वनरक्षक त्यावरची खूण मोबाईलवर फोटो काढून पाठवतो. सलग काही वर्षं एकही पिढी बाहेर पडायच्या आत पाणी गेलं, तर हा निर्णय पुन्हा तपासावा लागेल, हे आम्ही समितीला लेखी दिलं आहे. तेव्हाही तळ खोदायचा नाही. जिथून पाणी ओसंडतं त्या तोंडावर दगडांची एक ओळ रचायची, म्हणजे पाणी आठ-दहा दिवस जास्त थांबेल आणि उन्हाळ्यात डबकं पूर्वीसारखंच कोरडं पडेल.